आधी ओळखीच्याला विचारावं

चंद्रपूरच्या जंगलात वाघाला वाट विचारणारा कोणी एक माणूस असेल तर तो माझा साडभाऊ. आणि वाघानं नीट समजावून सांगितल्यावरही पुढच्या वळणावर अस्वलाला गाठून "हाच रस्ता हाये ना?" अशी खात्री करून घेणारा तर साऱ्या पृथ्वीवर तो एकटाच. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी मूल गावी तांदळाच्या गिरणीवर सुपरवायझर आणि ते ऊर्जानगरला वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर. मी त्यांना भाऊजी म्हणतो, ते मला 'मूलवाले' म्हणतात. आमच्याकडं माणसाला गावाच्या नावानं हाक मारली की मान दिल्यासारखंही होतं आणि दोन हात लांब ठेवल्यासारखंही. भाऊजींना दोन्ही साधायचं असतं.

आता वीज केंद्रात कोणतंच यंत्र एकटं नसतं. एक पंप चालू असला की तो ट्रिप झाला, म्हणजे मधेच बंद पडला, तर असावा म्हणून शेजारी तसाच दुसरा पंप हात जोडून उभा असतो. त्याला म्हणतात स्टँडबाय. उभ्या उभ्या त्याला गंज चढू नये म्हणून ठरल्या दिवशी चालता पंप बंद करून उभा पंप चालू करतात. त्याला म्हणतात चेंजओव्हर. बाकीचे ऑपरेटर ही विद्या ड्यूटी संपली की गेटवर ठेवून कंपनीच्या बसमध्ये बसतात. भाऊजी ती जेवणाच्या डब्यात भरून घरी आणायचे. त्यांच्या क्वार्टरमध्ये भिंतीवर घड्याळं दोन, कोपऱ्यात छत्र्या दोन, नाकावर चष्मा एक आणि खिशात दुसरा. देवघरात गणपतीसुद्धा दोन, आणि दर सोमवारी सकाळी घंटी वाजवून एक पुढं, एक मागं. पुढचा गणपती आठवडाभर ड्यूटीवर, मागचा रेस्टवर. बाई, म्हणजे माझी मेहुणी, हे सगळं चालवून घ्यायच्या. एकदा मात्र भाजी फोडणीला टाकता टाकता म्हणाल्या, "सारं दोन-दोन आणा, माहा तेवढा स्टँडबाय नका पाहू."

भाऊजी पेपरातून मान न काढता म्हणाले, "तुले ट्रिप होताना अजून पाह्यलंच नाई, स्टँडबाय कायले पाह्यजे?"

यापेक्षा प्रेमाचं वाक्य त्या माणसानं आयुष्यात उच्चारलेलं नाही, आणि बाईंनाही ते कळलं, कारण त्या दिवशी भाजीत तिखट बेतानं होतं.

मोठ्या मुलीच्या लग्नात त्यांनी बँडवाले दोन ठरवले. एक आला नाही तर काय करता? ते दोन्ही आले. दोघांनी एकाच वेळी दोन वेगळी गाणी सुरू केली, आणि घोड्याला कोणत्या तालावर चालावं ते उमजेना. त्या घोड्यानं नवरदेवाला घेऊन मांडवाभोवती इतक्या फेऱ्या मारल्या की नवरी मांडवात यायच्या आधीच अर्धं लग्न लागलं होतं. कॉलनीतली कुत्री जी पळाली ती म्हणे थेट ताडोब्यात शिरली आणि तिथं बिबट्यांनी त्यांना आसरा दिला. शेवटचा भाग मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, पण कुत्री परत आलेली नाहीत हे खरं.

पण भाऊजींचं खरं शास्त्र म्हणजे वाट विचारण्याचं. त्यात नियम होते. पहिला नियम, जो हात लांब करून बोटानं रस्ता दाखवतो त्याला रस्ता माहीत नसतो. ज्याला माहीत असतो तो नुसती हनुवटी उचलतो. दुसरा नियम, एकाच्या सांगण्यावर जाऊ नये. आणि तिसरा नियम सगळ्यांच्या वर. ओळखीचा माणूस दिसत असताना अनोळख्याला रस्ता विचारू नये. तो ओळखीच्या माणसाचा अपमान.

हा तिसरा नियम काय चीज आहे ते मला भाऊजी-बाईंबरोबर वैनगंगेपलीकडच्या एका लग्नाला जाताना कळलं. गडचिरोलीकडचं आतलं गाव होतं. जीप दोन फाट्यांशी आली आणि उभी राहिली. पारावर दहा-पंधरा माणसं बसली होती, पोरासोरांनासुद्धा लग्नाचं घर ठाऊक होतं. वाजंत्री ऐकू येत होती! पण समोरच्या हापशीवर दर हंगामात कॉलनीत मध घेऊन येणारा एक गोंड म्हातारा आंघोळ करत होता. भाऊजी म्हणाले, "तो आपल्या ओळखीचा हाये. थांबा."

आम्ही थांबलो. म्हाताऱ्यानं टाचा घासल्या. दगड बदलून पुन्हा घासल्या. धोतर पिळलं, झटकलं, वाळत टाकलं, दुसरं नेसला. मग आमच्याजवळ आला, बाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, यंदा मोहाचा बहार कसा होता ते सांगितलं. शेवटी भाऊजींनी त्याला लग्नाचं घर विचारलं. म्हातारा बराच वेळ विचार करून म्हणाला, "मले नाई माहीत, बाप्पा. मी काल रातच्यालेच पोरीकडं पाव्हणा आलो."

"काही हरकत नाई," भाऊजी प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले. "त्यानं नाई म्हटलं ना? आता दुसऱ्याले इचारता येते." आम्ही पोहोचलो तेव्हा मांडवाचे बांबू सोडत होते. बाई त्या दिवशी उपाशीपोटी जे बोलल्या ते छापता येणार नाही.

अशा माणसाच्या घरी कॉम्प्युटर आला आणि त्याच्यामागून इंटरनेट आलं. देवानं जणू माशासाठी तळं खणलं. कारण इंटरनेटचं सारं मर्म भाऊजींना पहिल्या आठवड्यातच सापडलं आणि ते त्यांच्या शास्त्राप्रमाणंच निघालं. चहा घेत ते मला समजावून सांगत, "पाहा मूलवाले, या डब्याले नाव समजत नाई, नंबर समजते. तुम्ही नाव टाकलं का हा कोणाले तरी इचारते, का बा, या नावाचा माणूस कुठी राह्यते? तो नंबर सांगते, मंग हा जाते. ज्याले इचारते त्याचं नाव डीएनएस. आता इचाराचं कोणाले, हे ज्याले समजलं त्याले इंटरनेट समजलं. बाकी सारे नुसते बटनं दाबतेत."

त्यांची विंडोज होती अठ्ठ्याण्णव सालची. तिच्यात नेटवर्कच्या खिडकीत एक रकाना होता, आणि त्यात कोणाकोणाला विचारायचं त्यांचे नंबर वरून खाली लिहायचे. यंत्र आधी पहिल्याला विचारणार. तो गप्प राहिला तर त्याच्या तोंडाकडं बघत थांबणार. मगच दुसऱ्याला. भाऊजींना हे इतकं आवडलं की त्यांनी लगेच तीन नंबर भरले, मेन, स्टँडबाय आणि इमर्जन्सी. आणि सोमवारी गणपतींचं झालं की खालच्या दोन नंबरांचं चेंजओव्हर. नंबर बदलला की यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागे. तेवढ्यात चहा होई. कॉलनीत कोणाचंही नेट अडलं की भाऊजींना बोलावणं येई आणि ते दोन्ही चष्मे घेऊन सायकलवर टांग मारत. गेल्याबरोबर पडद्यावर एक काळी खिडकी उघडून तिच्यातून एखाद्या वेबसाइटला आधी नावानं हाक मारून बघायचे, मग नंबरानं. नंबरानं उत्तर आलं आणि नावानं नाही आलं की मागं टेकून निकाल द्यायचे, "रस्ता चांगला हाये. सांगणारा बोलून नाई राह्यला." मग रकाना उघडायचा, नंबर बदलायचा, यंत्र बंद-चालू, चहा. त्यांच्या हाताला असा गुण होता की म्हणे एका घरी नेट सुरू झालंच, पण शेजारच्या घरचा वर्षभर बंद असलेला मिक्सरही फिरायला लागला.

या विद्येचे गुरू होते हमीदभाई. कॉलनीच्या गेटबाहेरच्या बाजारात त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. वडिलांपासून चालत आलेलं. टीव्ही बिघडेनासे झाले तेव्हा हमीदभाईंनी आधी केबल टाकली, आणि मग त्याच खांबांवरून, गच्च्यांवरून, एका ठिकाणी तर शेवग्याच्या झाडावरून वायर नेऊन कॉलनीत इंटरनेट वाटायला सुरुवात केली. दुकानाच्या मागच्या खोलीत, उघड्या पडलेल्या टीव्हींच्या मधे, त्यांचा एक कॉम्प्युटर टेबलफॅनच्या वाऱ्यात बसलेला असे. सगळ्या कॉलनीचे कॉम्प्युटर नावांचे पत्ते त्याला विचारत. भाऊजींच्या रकान्यात पहिला नंबर त्याचाच. सोमवारी खालचे दोन फिरत, पण वरच्याला कधी हात लागला नाही. "त्याले रेस्ट कायले?" भाऊजी म्हणायचे. "तो हमीद हाये."

रोज संध्याकाळी भाऊजी त्या दुकानात. बसायला स्टूल एकच. त्यावर कोणी बसायचं यावरून रोज भांडण, आणि मग दोघंही उभे. घरी नेट अडलं तर भाऊजी फोन करायचे, "हमीद, रस्ता सांगून नाई राह्यला तू मले."

"रुको ना यार," पलीकडून आवाज यायचा, "चाय पी रहा हूँ. मशीन भी मेरे साथ पी रही है."

आणि भाऊजी खरंच थांबायचे, हातावर हात ठेवून, पडद्याकडं बघत. थोड्या वेळानं पान उघडायचं. भाऊजी म्हणायचे, "झाली त्याची चाय."

मग एका दुपारी हमीदभाई दुकानात टीव्हीचं मागचं झाकण उघडत असताना खाली बसले, ते बसलेच. भाऊजी ड्यूटीवरून तसेच निळ्या कपड्यांत कब्रस्तानात गेले आणि माती देऊन आले. मुलं नागपूरला होती. त्यांनी दुकान आवरलं, मागच्या खोलीतला कॉम्प्युटर कोण घेऊन गेलं कोणालाच माहीत नाही. वायरी तेवढ्या शेवग्यावर लोंबत राहिल्या आणि त्यांच्यावर कावळे बसू लागले. पुढं टेलिफोनच्या तारेतून नवं ब्रॉडबँड आलं, तेव्हा कॉलनीनं ते घेतलं. भाऊजींनीही घेतलं. सगळ्या कॉलनीचं नेट हरणासारखं पळायला लागलं.

भाऊजींचं मात्र नाही. ज्यानं दुसऱ्यांच्या घरी इंटरनेट पळवलं, त्याच्या घरी पान उघडायला घ्यावं आणि मधल्या वेळात भात शिजवून घ्यावा, तरी पान उघडेपर्यंत भाताचा गाळ व्हायचा. भाऊजी म्हणायचे मशीन म्हातारी झाली. आम्हीही म्हणायचो, झाली असेल.

हे असंच चाललं असतं. पण मोठी मुलगी, तीच ती दोन बँडवाली, नवऱ्याबरोबर ऑस्ट्रेलियात गेली होती आणि तिला तिथं मुलगी झाली. बाईंचा गुडघा असा की त्यांना क्वार्टरच्या पायऱ्या उतरवत नाहीत, मग समुद्र काय ओलांडणार? नात जन्मली आणि बाईंनी तिला पाहिलेली नाही. तेव्हा ठरलं की रविवारी सकाळी तिकडं बारसं आणि इकडं कॅमेऱ्यासमोर बसून बाई पाळणा म्हणणार. बाईंच्या आईनं बाईंच्या लेकीसाठी म्हटलेला पाळणा होता तो. आदल्या रविवारी रंगीत तालीम झाली. भाऊजींचं यंत्र विचार करत बसलं, बोलायचं ते पान कंटाळून 'नंतर या' म्हणालं, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. शेवटी तिकडून मुलीचा फोन आला, "आई, झोपली गं ती." जी बाई उपाशीपोटी सारा रस्ता बोलली होती ती त्या दिवशी काहीच बोलली नाही, हे भाऊजींना फार लागलं.

आठवडाभर त्यांनी मोडेम बदलून पाहिला, वायर बदलून पाहिली, खालचे दोन नंबर रोज चेंजओव्हर केले. शनिवारी बाईंचा मला फोन, "मूलवाले, तुम्ही या बरं. तुमच्या भाऊजीनं सारी दुनिया दुरुस्त केली, घरचं नाई होऊन राह्यलं."

रविवारी पहिल्या बसनं मी पोहोचलो तर क्वार्टरमध्ये अर्धी कॉलनी. कॉम्प्युटरच्या शेजारी छताच्या कडीला पाळणा टांगलेला, झेंडूची माळ घातलेला, आणि पाळण्यात झबलं-टोपडं घातलेला वरवंटा. बारशाला वरवंटा लागतोच, पण इथं पोर नसल्यामुळं सगळा मान त्या वरवंट्याला मिळाला होता. बायका त्यालाच झोके देत होत्या. बाई नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसल्या होत्या, डोळे पडद्यावर. पडद्यावरचं घड्याळ वाळूचं. उलटं होतंय, सुलटं होतंय.

"परिस्थिती सांगतो," भाऊजींनी मला कंट्रोल रूमसारखा रिपोर्ट दिला. "करंट बरोबर. मोडेमचे दिवे बरोबर. नंबरानं हाक मारली, लगेच ओ देते. नावानं मारली का बसते."

"म्हणजे रस्ता चांगला हाये," मी म्हणालो, "सांगणारा..."

भाऊजींनी नजर काढून घेतली. कॉलनीभर हा निकाल देणाऱ्या माणसाला तो आपल्या घरी देता आला नसेल? मी माऊस हातात घेतला, रकाना उघडला. पहिला नंबर तोच. मागच्या खोलीतला, टेबलफॅनच्या वाऱ्यातला. यंत्र दर नावाला आधी तिथं जात होतं, जिथं आता कोणीच नव्हतं. तिथं उभं राहत होतं, वाट बघत होतं, आणि मगच खालच्याकडं येत होतं.

"भाऊजी, हा काढावा लागते."

"तो नाई काढाचा."

"अहो, पण तिथं कोणी..."

"मले माहीत हाये तिथं कोणी नाई," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "पण त्यानं 'मले नाई माहीत' असं कुठी म्हटलं? त्यानं म्हटल्याशिवाय त्याच्या समोर मी दुसऱ्याले कसा इचारू?"

खोलीत वरवंट्याचा पाळणा तेवढा करकरत होता. बाई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "त्या हापशीवरच्या बुढ्यासाठी तुम्ही थांबले, मी उपाशी राह्यली. ते जाऊ द्या. पण हमीदभाऊ असते ना, आणि आपली नात अशी वाट पाहून राह्यली असती, तं त्यायनं स्वतःच टोकलं असतं, काऊन थांबून राह्यला बे, कोणालेही इचार आणि जा म्हणून. माह्या पोरीच्या पहिल्या वाढदिवसाले कोणी गाणे लावले होते? तुमचा रेडिओ बंद होता तवा?"

भाऊजींनी चष्मा काढला, खिशातला दुसरा घातला. मग माझ्या हातातून माऊस घेतला. नंबर पुसला नाही. वरून काढला आणि सगळ्यात खाली, इमर्जन्सीच्या जागी, एकेक आकडा स्वतः टाइप करून बसवला. "स्टँडबायवर हाये," ते खोलीला उद्देशून म्हणाले. "रिटायर नाई."

यंत्र बंद केलं, चालू केलं. चहा झाला, पण कोणी प्याला नाही. भाऊजींनी नाव टाकलं आणि बोट उचलायच्या आत पान उघडलं. खरं सांगतो, उघडण्याचा धक्का एवढा होता की पुढच्या रांगेतले मागं सरकले. पडद्यावर मोठ्या मोठ्या चौकोनांची एक पोर आली. गाल एका चौकोनात, डोळे दोन चौकोनांत. सगळ्या चौकोनांनी मिळून एक जांभई दिली. बाईंनी पदर सावरला आणि पाळणा म्हणायला सुरुवात केली. त्यांचा आवाज समुद्रापार जाऊन थोडा उशिरानं आमच्याकडंच परत येत होता, त्यामुळं पाळणा दोघी जणी म्हणत आहेत असं वाटत होतं. भाऊजी मागं दाराशी उभे होते. शेजारचं स्टूल रिकामं होतं, पण बसले नाहीत.

पुढं दिवाळीला मी ऊर्जानगरला गेलो. बाई फराळाचं करत होत्या. नातीशी आता दर रविवारी बोलणं होतं, म्हणाल्या. मला मूलच्या बसचं वेळापत्रक बघायचं होतं, म्हणून भाऊजींनी कॉम्प्युटर लावला आणि नाव टाकलं. वाळूचं घड्याळ उलटं झालं, सुलटं झालं. मी त्यांच्याकडं पाहिलं.

"रविवारी त्याले खाली ठेवतो," ते म्हणाले. "बाकीचे दिवस कोणाले घाई हाये?"

घड्याळ उलटं होत होतं. भाऊजींनी बशी उचलली, चहा फुंकला आणि पडद्याकडं बघत हनुवटी थोडी वर केली.

"पिऊ द्या त्याची चाय," ते म्हणाले.

आम्ही दोघं थांबलो.